"मोटर जळाली" म्हणण्याआधी: आरसी गाडीच्या ब्रशलेस मोटरचा बिघाड शोधायचा कसा?



आरसी गाड्यांच्या रिपेअरिंगवरचा व्हिडिओ बघून बऱ्याच जणांनी एकच मागणी केली, "सर, चाचण्या क्रमाने लिहून द्या, टेबलासमोर चिकटवून ठेवतो." तर आज तेच करतोय. पण आधी माझी एक चूक सांगतो, कारण हा सगळा क्रम त्या चुकीतूनच तयार झालाय.

एक इंजिनिअरिंगचा विद्यार्थी स्पर्धेची गाडी घेऊन आला होता. १:१० मापाची, ब्रशलेस मोटरची. थ्रॉटल दिला की मोटर थरथरायची, दोन झटके द्यायची आणि थांबायची. स्पर्धा परवावर आलेली, त्यामुळे तो घाईत आणि त्याच्या घाईमुळे मीही घाईत. लक्षण बघून मी ठरवून टाकलं, ईएससी गेला. नवा ईएससी लावला, थ्रॉटल दाबला. 'फट्' असा आवाज, धुराची एक रेघ, आणि साडेतीन हजारांचा नवा कोरा ईएससी चार सेकंदांत संपला.

मग मोटर उघडली. ती गाडीला बसवताना कुणीतरी मूळ मापापेक्षा दोनेक मिलिमीटर लांब स्क्रू वापरले होते. दोन्ही स्क्रूंची टोकं आतल्या वाइंडिंगला घासून तारेवरचं इनॅमल निघालं होतं. दोन वेगवेगळ्या फेज स्क्रूमधून आणि मोटरच्या बॉडीतून एकमेकींना जोडल्या गेल्या होत्या. थेट शॉर्ट! मल्टिमीटरच्या एका बीपने हे दहा सेकंदांत कळलं असतं. तो बीप मी घेतला नव्हता. ईएससीचे पैसे त्या मुलाकडून कुठल्या तोंडाने मागणार? खिशातून भरले. तो स्पर्धेला मित्राची गाडी घेऊन गेला, आणि पुन्हा माझ्याकडे आला नाही.

त्या दिवशी एक गोष्ट डोक्यात पक्की बसली. रिपेअरिंगच्या धंद्यात आपण पार्ट विकत नाही, आपण निदान विकतो. पार्ट तर ग्राहक मोबाइलवरून स्वतःच मागवू शकतो. कुठला पार्ट मागवायचा, हे त्याला कळत नाही, आणि त्याचेच तो पैसे देतो.

## आधी मोटर समजून घ्या, दोन मिनिटांत

जुन्या ब्रशच्या मोटरमध्ये कार्बन ब्रश असतात. ते घासतात, झिजतात. ब्रशलेसमध्ये हा प्रकारच नाही. बाहेरच्या नळकांड्यात तांब्याचं वाइंडिंग स्थिर असतं, त्याला स्टेटर म्हणतात. मधोमध शाफ्टवर जोरदार चुंबक असतो, तो रोटर. आरसी गाड्यांत बहुतेक अशीच रचना असते. ड्रोनच्या मोटरमध्ये उलटं असतं, तिथे चुंबकासकट बाहेरचा डबा फिरतो.

मोटरमधून तीन जाड वायरी निघतात. त्यांना ए, बी, सी फेज म्हणू. बॅटरीचा डीसी करंट ईएससी घेतो, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्पीड कंट्रोलर, आणि मॉस्फेट नावाच्या स्विचमधून या तीन फेजना आळीपाळीने पुरवतो. चुंबक त्याच्या मागे मागे धावतो, म्हणून मोटर फिरते.

रोटर कुठल्या स्थितीत आहे हे ईएससीला कळायला दोन मार्ग आहेत. सेन्सरलेस मोटरमध्ये तो मोकळ्या फेजवर तयार होणारं व्होल्टेज वाचून अंदाज घेतो. मोटर उभी असताना हे व्होल्टेज शून्य असतं, म्हणून सेन्सरलेस गाडी सुरुवातीला किंचित अडखळते. सेन्सर्ड मोटरमध्ये तीन हॉल सेन्सर असतात आणि सहा तारांची एक बारीक केबल वेगळी असते. ही गाडी अगदी हळूसुद्धा लोण्यासारखी सुटते.

एक फरक आत्ताच लिहून ठेवा. सेन्सरलेस मोटर उलटी फिरत असेल तर तीनपैकी कुठल्याही दोन वायरींची अदलाबदल करा, झालं काम. सेन्सर्ड मोटरमध्ये मात्र ए ला ए, बी ला बी, सी ला सी असंच जोडायचं. तिथे अदलाबदल केली की मोटर झटके देते, तापते आणि तुमच्याच टेबलावर नवा बिघाड जन्माला येतो.

## लक्षण एक, संशयित चार

ग्राहक येतो तो निदान घेऊनच येतो. "मोटर जळाली, बदलून द्या." त्याला हो म्हणू नका, नाहीही म्हणू नका. "गाडी नेमकं काय करते?" एवढं विचारा आणि त्याचे शब्द जसेच्या तसे लिहून घ्या.

- थरथरते, पण फिरत नाही: एखादी फेज तुटली आहे, बुलेट कनेक्टरचं सोल्डर सुटलंय, सेन्सर केबल खराब आहे, वाइंडिंग शॉर्ट आहे किंवा ईएससीचा एक मॉस्फेट गेलाय.
- मोटर फिरते, गाडी हलत नाही: बहुतेक वेळा पिनियनचा छोटा स्क्रू ढिला झालेला असतो. स्पर गिअरचे दात, स्लिपर क्लच, डिफरन्शियल हे पुढचे संशयित. मोटर बिचारी निर्दोष असते.
- थोडी पळते, मग दम सोडते: बॅटरी कमजोर असते किंवा ईएससी गरम होऊन बंद पडतो. यातही मोटरचा दोष नसण्याचीच शक्यता जास्त.
- खूप तापते: गिअरिंग चुकलंय, गिअर घट्ट बसवलेत, बेअरिंग अडकलंय, चुंबक कमजोर झालाय किंवा वाइंडिंगचे काही वेढे आपापसांत शॉर्ट झालेत.
- किरकिर, घरघर: बेअरिंग. नाहीतर रोटर आतून घासतोय.
- काहीच नाही, बीपसुद्धा नाही: बॅटरी, स्विच, ईएससी. मोटर सगळ्यात शेवटी बघा.

यादी नीट बघा. सहापैकी तीन लक्षणांत मोटर मुख्य संशयितच नाही. म्हणूनच मोटर बदलून पैसे घेणारा दुकानदार एकदा कमावतो, आणि गाडी परत आली की गमावतो.

## चाचण्यांचा क्रम: स्वस्तापासून महागाकडे

नियम साधा आहे. ज्या चाचणीला वेळ आणि पैसा कमी लागतो ती आधी. ज्या चाचणीत पार्ट जळू शकतो ती शेवटी.

१. बॅटरी. लायपो बॅटरीच्या एका सेलचं नाममात्र व्होल्टेज ३.७, पूर्ण चार्ज असताना ४.२. दोन सेलची बॅटरी भरली की ८.४ आणि तीन सेलची १२.६. लायपो चेकर लावून प्रत्येक सेल वेगळा बघा. एक सेल बाकीच्यांपेक्षा बराच खाली असेल तर लोड आल्याबरोबर ईएससी 'बॅटरी संपली' असं समजून पॉवर कापतो. ग्राहकाला वाटतं मोटर अडखळते. फुगलेली बॅटरी दिसली तर तिथेच थांबा, ती चार्ज करू नका आणि चाचणीसाठी वापरू नका. तुमची स्वतःची एक खात्रीची बॅटरी टेबलावर कायम असू द्या.

२. रिमोट. सर्वो टेस्टर नावाचं छोटं यंत्र मिळतं. रिसीव्हर काढून ईएससीची बारीक वायर त्यात घाला आणि नॉब हळूच फिरवा. मोटर नीट चालली तर दोष रिमोटमध्ये, रिसीव्हरमध्ये किंवा थ्रॉटलच्या कॅलिब्रेशनमध्ये आहे. पुष्कळ वेळा नुसतं कॅलिब्रेशन परत केलं की गाडी सुरू होते. ही चाचणी करताना गाडी स्टँडवर, चाकं हवेत. आणि पूर्ण थ्रॉटल द्यायचा नाही.

आता बॅटरी काढा. पुढच्या पाच चाचण्यांना करंट लागतच नाही.

३. डोळे आणि नाक. तिन्ही फेजच्या वायरी शेवटपर्यंत बघा. बुलेट कनेक्टर हळूच ओढा. सोल्डर राखाडी आणि दाणेदार दिसतंय? ते कोल्ड सोल्डर, परत करा. मोटरला जळकट वास येतोय? आत काळं पडलंय? वाइंडिंग गेलंय असं समजा, पण लगेच बोलू नका, चाचणीने पक्कं करा. सेन्सर्ड मोटर असेल तर केबलच्या दोन्ही टोकांच्या पिना बघा. ही केबल वाकून वाकून आतून तुटते, बाहेरून चांगली दिसते. दुसरी केबल लावून बघणं हा सगळ्यात स्वस्त उपाय.

४. हाताने फिरवून. पिनियन काढा किंवा मोटर मागे सरकवून गिअरपासून सोडवा. फेजच्या तिन्ही वायरी ईएससीपासून काढा आणि एकमेकींना लागू देऊ नका. शाफ्ट बोटाने हळू फिरवा. चुंबकामुळे हलकीशी 'कट कट' जाणवते, ती सगळीकडे सारखी हवी. वाळू भरल्यासारखी किरकिर आली तर बेअरिंग. शाफ्ट वर-खाली हलतोय, तरीही बेअरिंग. आणि वायरी सुट्या असतानाही मोटर मधात फिरवल्यासारखी जड लागली, तर आत वाइंडिंग शॉर्ट आहे.

५. तीन वायरींचा खेळ. आता ए आणि बी एकमेकींना जोडा आणि शाफ्ट फिरवा. मोटर एकदम जड व्हायला हवी, ब्रेक लावल्यासारखी. मग बी-सी, मग सी-ए. तिन्ही जोड्यांत ब्रेक सारखाच लागला पाहिजे. समजा ए-बी जोडल्यावर ब्रेक लागतो, पण बी-सी आणि सी-ए ला लागत नाही. दोन्ही फसलेल्या जोड्यांत सामाईक कोण? सी. म्हणजे सी फेज तुटलेली आहे. एक रुपयाचं यंत्र न वापरता तुम्ही नेमकी वायर शोधलीत.

६. बॉडीचा बीप. हीच ती चाचणी जी मी केली नव्हती. मल्टिमीटर कंटिन्युइटीवर ठेवा. एक प्रोब मोटरच्या बॉडीवर, जिथे रंग नाही अशा जागी किंवा स्क्रूवर. दुसरा प्रोब फेजच्या वायरीवर. बीप येता कामा नये. आला, तर वाइंडिंग बॉडीला लागलंय. ही मोटर कुठल्याही ईएससीला जोडायची नाही. आधी माउंटचे स्क्रू काढून त्यांची लांबी तपासा आणि परत बीप घ्या.

इथे एक गैरसमज काढतो. काही जण मल्टिमीटरने ए-बी, बी-सी, सी-ए यांचा रेझिस्टन्स मोजतात आणि "तिन्ही सारखे आहेत, मोटर ठीक" असं सांगतात. या मोटरच्या वाइंडिंगचा रेझिस्टन्स मिलिओहममध्ये असतो. साध्या मीटरच्या वायरींचाच रेझिस्टन्स त्याहून जास्त! त्यामुळे चांगली आणि अर्धवट शॉर्ट झालेली मोटर, दोन्ही त्याला सारख्याच दिसतात. खरंच मोजायचं असेल तर करंट लिमिट असलेल्या पॉवर सप्लायमधून दोन फेजमध्ये १ अँपिअर सोडा आणि मोटरच्या वायरींवर मिलिव्होल्ट मोजा. १ अँपिअरला १० मिलिव्होल्ट आले, तर १० मिलिओहम. तिन्ही जोड्यांत आकडा जवळपास सारखा हवा.

७. ईएससीची डायोड चाचणी. मोटर सुटी, बॅटरी सुटी, आणि कपॅसिटर उतरायला मिनिटभर थांबा. मीटर डायोडवर ठेवा. लाल प्रोब बॅटरीच्या मायनस वायरीवर, काळा एकेका फेजवर. साधारण ०.४ ते ०.६ च्या आसपास आकडा येतो. मग काळा प्रोब बॅटरीच्या प्लसवर आणि लाल एकेका फेजवर. इथेही तसाच. तिन्ही फेजचे आकडे सारखे हवेत. एखाद्या फेजवर शून्य आणि बीप आला, तर तिथला मॉस्फेट शॉर्ट झालाय. अशा ईएससीला परत बॅटरी जोडू नका.

८. ड्रिल मशीन. शेवटची शंका उरली तर ही चाचणी. मोटरचा शाफ्ट ड्रिलच्या चकमध्ये पकडा, मोटरची बॉडी घट्ट धरा, फेजच्या वायरी सुट्या ठेवा आणि एकाच वेगाने फिरवा. आता मोटर जनरेटर झाली. दोन-दोन फेजमधलं एसी व्होल्टेज मोजा. तिन्ही जोड्यांत सारखं हवं. एक जोडी वेगळी आली तर वाइंडिंगमध्ये दोष. तिन्ही सारखे, पण त्याच मॉडेलच्या चांगल्या मोटरपेक्षा बरेच कमी आले, तर चुंबक कमजोर झालाय.

आकडा किती येईल? केव्ही म्हणजे एका व्होल्टला मोटर बिनलोडवर किती फेरे घेते. ३३०० केव्हीची मोटर ड्रिलने ३००० आरपीएमला फिरवली तर जेमतेम ०.९ व्होल्टचं शिखर, म्हणजे मीटरवर साधारण ०.६४ व्होल्ट. स्वस्त मीटरमध्ये एसीची सगळ्यात खालची रेंज २०० व्होल्ट असते, त्यावर हे नीट दिसणारच नाही. मीटर घेताना २ व्होल्ट एसीची रेंज आहे का, ते विचारूनच घ्या.

९. पॉवर देऊन. आता, आणि आत्ताच, बॅटरी जोडायची. तीही थेट नाही. पॉवर सप्लाय असेल तर करंट लिमिट २-३ अँपिअरवर ठेवा. नसेल तर इलेक्ट्रिशियन लोकांचा जुना सिरीज बल्ब वापरा. बॅटरीच्या प्लसमध्ये १२ व्होल्ट २१ वॅटचा गाडीचा बल्ब सिरीजमध्ये घाला. स्विच दिल्यावर कपॅसिटर भरताना बल्ब क्षणभर चमकून विझतो, ते ठीक. पेटलेलाच राहिला तर शॉर्ट आहे, आणि बल्बने तुमचा ईएससी वाचवला. मग एकदम हलका थ्रॉटल द्या. बल्बमुळे व्होल्टेज पडून ईएससी मध्येच बंद झाला तर तो बिघाड समजू नका. सगळं ठीक वाटलं की बल्ब काढून हळूहळू पूर्ण चाचणी.

नऊ पायऱ्या वाचायला खूप वाटतात. हात बसला की पहिल्या सात पायऱ्या पंधरा मिनिटांत होतात.

## बिघाड सापडला. कारण सापडलं का?

इथे बरेच जण थांबतात आणि महिनाभराने तीच गाडी परत येते. मोटर जळाली हे लक्षण आहे. का जळाली, हे शोधणं हे काम.

सगळ्यात मोठं कारण म्हणजे उष्णता. करंट दुप्पट झाला की वाइंडिंगमधली उष्णता चौपट होते. तारेवरचं इनॅमल आणि रोटरचा चुंबक, दोघांनाही ती सोसत नाही. निओडायमियम चुंबकाच्या साध्या प्रतीची सुरक्षित मर्यादाच ८० अंशांच्या आसपास असते. भारी प्रती त्याहून जास्त सोसतात, पण ग्राहकाच्या मोटरमध्ये कुठली प्रत आहे हे बाहेरून कळत नाही. म्हणून इन्फ्रारेड थर्मामीटर घ्या, गाडी पाच मिनिटं चालवा आणि मोजा. बाहेरून ८० अंश दिसलं तर आत त्याहून जास्त असणार. थांबायचं.

इतकी तापते कशामुळे? हे तीन प्रश्न विचारा.

पहिला: "बॅटरी कुठली लावता?" ३३०० केव्हीची मोटर ७.४ व्होल्टवर बिनलोड २४,४२० फेरे घेते, तीन सेलच्या ११.१ व्होल्टवर ३६,६३०. मुलं जास्त वेगासाठी तीन सेल लावतात, पण गिअर तोच ठेवतात.

दुसरा: "पिनियन बदललाय का?" स्पर ५४ दातांचा आणि पिनियन १८ चा असेल तर गुणोत्तर ३. पिनियन २२ चा लावला की २.४५. वेग वाढतो, पण मोटरवरचा भारही वाढतो. चढाला पाचव्या गिअरमध्ये गाडी रेटण्यासारखा प्रकार. तीन सेल लावायचे तर पिनियन लहान करा, असं ग्राहकाला स्पष्ट सांगा.

तिसरा: "कुठे चालवता?" उंच गवत, मऊ वाळू, चिखल, यात मोटर सतत दम काढते. कोकणातल्या किनाऱ्यावर चालवलेली गाडी असेल तर खारं पाणी बेअरिंगमध्ये गेलेलं असणार. वाइंडिंगवर इनॅमल असल्यामुळे मोटर पाण्यात लगेच मरत नाही, पण बेअरिंग गंजतं आणि सेन्सरचं छोटं बोर्ड खराब होतं. पाण्यातून आणल्यावर हवा मारून सुकवणं आणि बेअरिंगला शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब, एवढी सवय ग्राहकाला लावून द्या. गंज सोडवणारा स्प्रे मारून सोडून देऊ नका, तो उलट बेअरिंगमधलं ग्रीस धुऊन काढतो.

गिअर घट्ट बसवणं हेही एक लपलेलं कारण. पिनियन आणि स्परमध्ये वहीच्या कागदाची पट्टी घाला, मोटर दाबून स्क्रू आवळा, मग पट्टी फिरवून काढा. कागदावर दातांचे वळ उमटले पण तो फाटला नाही, तर बरोबर.

## काय दुरुस्त करायचं, काय बदलायचं

करण्यासारखी कामं: बेअरिंग बदलणं, बुलेट कनेक्टर आणि वायरी, सेन्सर केबल, पिनियन, स्क्रू, साफसफाई. बेअरिंग मागवताना मॉडेलचं नाव शोधत बसू नका. व्हर्नियरने आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी मोजा, त्या मापाचं कुठेही मिळतं. मुंबईत लॅमिंग्टन रोड आणि पुण्यात तपकीर गल्ली कनेक्टर, वायर, मीटर यांसाठी एकदा पायी फिरून या. काय कुठे मिळतं हे डोक्यात बसतं.

काही मोटरची वायर म्हणजे वाइंडिंगचीच तार बाहेर आलेली असते. ती कापून नुसतं सोल्डर केलं तर जोड धरत नाही, कारण प्रत्येक तारेवर इनॅमल असतं. ते खरवडून काढल्याशिवाय सोल्डर करू नका. अशी वायर शक्यतो कापूच नका.

न करण्यासारखी कामं: जळालेलं वाइंडिंग, कमजोर चुंबक, तडा गेलेला रोटर. छोट्या मोटरचं रिवाइंडिंग करता येतं, पण तुमचा दिवस जातो आणि ग्राहक नव्या मोटरच्या निम्मेही पैसे द्यायला तयार नसतो. रोटर बाहेर काढताना जपून. चुंबक जोरात खेचतो, बोट चिमटतं, आणि टेबलावरचा लोखंडाचा सगळा कीस त्याला चिकटतो. खाली स्वच्छ कागद अंथरूनच मोटर उघडायची.

## आता धंद्याचं बोलू

तपासणी फी आधी ठरवा. "बघून सांगतो, बघायचे पैसे नाहीत," हे वाक्य बंद करा. समजा तपासणी फी २०० रुपये ठेवली. काम तुमच्याकडे केलं तर ती बिलात वळती. नाही केलं तर ग्राहकाला लेखी निदान द्या आणि २०० घ्या. तो कागद हातात घेऊन गेलेला माणूस परत येतो, कारण पुढच्या दुकानात त्याला असा कागद मिळत नाही.

जॉब कार्ड. एका पानावर ग्राहकाचे शब्द, बॅटरीचं व्होल्टेज, पाचव्या, सहाव्या आणि सातव्या चाचणीचा निकाल, सापडलेलं कारण, आणि गाडी देतानाचं तापमान. गाडी घेताना मोबाइलवर अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ काढा. "हा ओरखडा आधी नव्हता," यावरची भांडणं तिथेच मिटतात.

हिशोब. उदाहरण म्हणून आकडे धरू, तुम्ही तुमच्या गावाचे घाला. सगळी हत्यारं मिळून ९,००० रुपये लागले. एका कामामागे पार्टचा खर्च वजा जाता ३०० उरतात. म्हणजे ३० कामांत हत्यारांचे पैसे फिटतात. आता माझ्यासारखा एक ईएससी जाळा. साडेतीन हजार भागिले तीनशे, जवळपास १२ कामं फुकट! दहा सेकंदांच्या बीपची किंमत ही एवढी आहे.

हत्यारं कोणती? बारीक एसी रेंजचा मल्टिमीटर, ६० वॅटचं जाड टोकाचं सोल्डरिंग गन, १.५, २ आणि २.५ मिलिमीटरचे हेक्स ड्रायव्हर, सर्वो टेस्टर, लायपो चेकर, इन्फ्रारेड थर्मामीटर, व्हर्नियर, तो सिरीज बल्ब, आणि चाचणीसाठी खात्रीची एक बॅटरी, एक ईएससी, एक मोटर. हे शेवटचे तीन विकायचे नाहीत, कितीही मोह झाला तरी.

गॅरंटी कशाची द्यायची? तुम्ही केलेल्या कामाची. बेअरिंग बदललं तर बेअरिंगची. "गाडीची गॅरंटी" असा शब्द तोंडातून काढू नका. ग्राहकाने उद्या मोठा पिनियन लावला तर त्याला तुम्ही जबाबदार नाही, आणि हे जॉब कार्डवर आधीच लिहिलेलं असावं.

आणि एक खरं सांगतो. आपल्याकडे बहुतेक गावांत नुसत्या आरसी गाड्यांवर दुकान चालणार नाही. पुण्या-मुंबईसारख्या शहरात कॉलेजची मुलं आणि हौशी मंडळी मिळून कामं येतात, इतर ठिकाणी हे जोडधंद्यासारखं धरा. पण हे शिक्षण वाया जात नाही. आज घरोघरी लागणारे बीएलडीसी पंखे आणि रस्त्यावरच्या इलेक्ट्रिक स्कूटर यांच्यात हेच तत्त्व आहे. चुंबक, तीन फेज, मॉस्फेट. स्कूटरच्या हब मोटरमध्ये तर तेच तीन हॉल सेन्सर असतात. फेज शोधायचा विचार तोच. मात्र पंख्याच्या सर्किटमध्ये घरातला २३० व्होल्टचा करंट येतो आणि स्कूटरची बॅटरी आरसीच्या बॅटरीपेक्षा कितीतरी मोठी असते. तिथे रीतसर शिकल्याशिवाय हात घालायचा नाही. आरसी गाडी ही त्याची लहान, स्वस्त शाळा आहे असं समजा.

तर या आठवड्याचा गृहपाठ. कुठलीही एक जुनी किंवा भंगारातली ब्रशलेस मोटर मिळवा. चौथी, पाचवी आणि सहावी चाचणी तिच्यावर वीस वेळा करा. डोळे मिटून ए-बी, बी-सी, सी-ए चा ब्रेक ओळखता आला पाहिजे. मग पहिला ग्राहक "मोटर जळाली" म्हणत येईल, तेव्हा तुम्ही शांतपणे म्हणाल, "बसा, पंधरा मिनिटांत सांगतो." धंदा त्या पंधरा मिनिटांत आहे.

भेटू पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत, आधी बीप, मग बॅटरी!